चुकीच्या उत्तरालाही एक गुण

यंदा जयंतीची प्रश्नमंजूषा मी कॉम्प्युटरवर घेणार, असं मी समितीच्या बैठकीत बोलून बसले, तेव्हा मला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. रिठदला आमच्या विहारात दरवर्षी ही स्पर्धा होते आणि दरवर्षी गुणांवरून भांडण होतं. माईक समितीच्या पुरुषांकडे आणि आम्ही बाया खिरीच्या पातेल्याकडे, हेही दरवर्षीचंच. मला तो माईक हवा होता, अगदी मनापासून हवा होता. अध्यक्ष म्हणाले, "बरं, जयंतीच्या दुपारी, स्पर्धेआधी चालवून दाखवा, सूनबाई. चाललं तं माईक तुमच्या हाती. नाई तं आपलं नेहमीसारखं."

झालं! रिसोडच्या क्लासहून आले की मी लॅपटॉप उघडून बसायची. प्रोग्राम साधाच होता. पडद्यावर प्रश्न येणार, उत्तर टाइप करायचं, बरोबर असेल तर ‘शाब्बास’ उमटणार आणि गुण एकाने वाढणार. पण पहिल्याच दिवशी लाल अक्षरांत उत्तर आलं, इंडेंटेशन एरर. म्हणजे ओळींच्या आधी सोडलेली जागा चुकली. माझं डोकंच फिरलं. जागा सोडण्यात मी चुकेन? नवा परिच्छेद आला की पहिली ओळ एक बोट आत घ्यायची आणि बाकीच्या समासाला चिकटवायच्या, हे शाळेत गुरुजींनी आमच्या हाडीमासी भिनवलेलं. माझी वही ते सगळ्या वर्गाला दाखवायचे. इथेही मी तेच केलं होतं. दिसायला कसं सुरेख दिसत होतं! पायथनला त्या सुरेखपणाशी काही घेणंदेणं नव्हतं.

मग मी इरेला पेटले. जिथे लाल दिसेल तिथली ओळ कधी आत ढकल, कधी बाहेर ओढ, असं करत सुटले. समजून कमी आणि चिडून जास्त. जयंतीच्या सकाळी लाल अक्षरं गेली आणि प्रोग्राम चक्क सुरू झाला! मी ओरडलेच. थोरल्या जाऊबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना हाताला धरून लॅपटॉपसमोर आणून बसवलं.

"मले काय इचारतं वं? सातवीतच शाळा सुटली माही."

"ताई, कसंई उत्तर सांगा. मले फक्त चालते का नाई ते पाह्यचं हाये."

महाराष्ट्राची उपराजधानी कोणती? "वाशिम," त्या ठसक्यात म्हणाल्या. मी टाइप केलं. गुण: एक. मी चमकले. राष्ट्रीय पक्षी कोणता? "कोंबडी." गुण: दोन. जाऊबाईंना भलताच चेव आला. तोंडाला येईल ते सांगत गेल्या आणि गुण चढत गेले. शेवटी हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"जिंदगीत पह्यल्यांदा पैकीच्या पैकी भेटले, अन् तुह्यं तोंड काहून उतरलं?"

"हसू नका हो!" मी खेकसले. लाल अक्षरांनी निदान चूक झाल्याचं सांगितलं तरी असतं. हा प्रोग्राम मजेत चालत होता आणि सगळ्यांनाच पास करत होता. असलं मशीन बघून समिती मला माईक देणार? पुन्हा एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर टाकलं आणि या वेळी डोळे फाडून पडद्याकडे बघितलं. गुण वाढला. पण ‘शाब्बास’ कुठे होतं? ते आलंच नव्हतं!

लगेच कोड उघडला. ‘जर उत्तर बरोबर असेल’ या ओळीखाली ‘शाब्बास’ची ओळ नीट आत होती. त्याच्याखालची गुण वाढवणारी ओळ मात्र बाहेर, डाव्या समासाला. चिडण्याच्या भरात मीच ती ओढून काढली होती. आता कळलं! आतली ओळ अटीच्या हाताखालची असते. बाहेरच्या ओळीला कुणी अडवत नाही, ती कुणालाही गुण देत सुटते. मी चारदा स्पेस दाबली आणि ओळ आत सरकली.

दुपारी विहारात अध्यक्ष आणि समितीचे दोघे खुर्च्या टाकून बसले. उत्तरं द्यायला जाऊबाई आपणहून पुढे आल्या. राष्ट्रीय पक्षी कोणता? "कोंबडी," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी टाइप केलं. गुण: शून्य.

"शून्य!" मी टाळ्याच वाजवल्या. कुणाच्या शून्याचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. अध्यक्षही हसले. "चालते बापा. माईक तुमचा."

मला काय करू नि काय नको असं झालं. लॅपटॉप मिटायला लागले तर जाऊबाई जागच्या हलेनात.

"थांब. आता इचार. आता खरं सांगून राह्यली मी."

मी पुढचा प्रश्न काढला. चवदार तळं कोणत्या गावी आहे? त्यांनी डोळे मिटले. पाठीमागे पातेलं ढवळता ढवळता इतक्या वर्षांची भाषणं त्यांच्या कानावरून गेली होती.

"महाड."

पडद्यावर ‘शाब्बास’ आलं. गुण: एक. त्या एकाकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हा तं खरा हाये ना वं?"

"खरा हाये, ताई. तुमचाच हाये."

त्यांनी पदर सारखा केला आणि अध्यक्षांकडे वळल्या. "भाऊ, माह्यं बी नाव लिवा स्पर्धेत."