माझं रक्त किती

दोन वर्षं मी खजूर आणि बीट खात होते. हृदय अशक्त झालेलं, त्यात प्रत्येक रिपोर्टवर हिमोग्लोबिन कमी. मुलगी बंगळुरूहून फोनवर विचारायची, लोहाची गोळी घेतलीस ना? घेत होते. तरी काल्हेरच्या आमच्या इमारतीचे दोन जिने चढताना मध्ये बसावं लागायचं. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा रुतायचा.

शेवटी डॉक्टरांनी मला मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. अंगात एकूण रक्त किती आहे, ते तिथे मोजतात म्हणाले. इतकी वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण रक्त असं मोजता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

सकाळी लवकर रिक्षा केली, तरी वाटेत कशेळीला गोदामांचे ट्रक आडवे आलेच. इस्पितळातल्या फॉर्मवर सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. मी तिथे आडवी रेघ मारली. कारकून म्हणाला, नातेवाइकाची सही लागते. तेव्हा तपासणी करणारी तंत्रज्ञ बाई आतून आली आणि त्याला म्हणाली, "राहू दे. त्या माझ्यासोबत आहेत."

तिने सगळं समजावून सांगितलं. एका हातातून औषधाचा मोजलेला थेंबभर अंश रक्तात सोडायचा, तो अंगभर मिसळला की दुसऱ्या हातातून थोड्या थोड्या वेळाने रक्त काढायचं. औषध जितकं विरळ सापडेल, तितकं रक्त जास्त. माठात चमचाभर साखर टाकून चव घ्यावी, तसं हे. वर्गात मी असंच सांगितलं असतं.

हात हलू नये म्हणून ती स्टुलावर बसून माझं मनगट धरून होती. मला आठवेना, याआधी माझा हात कुणी कधी धरला होता. मग आठवलं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढताना बँकेतल्या माणसाने माझा अंगठा यंत्रावर दाबला होता. त्याला आठ महिने झाले होते.

"आता एकदाच, मग सुटलात," ती म्हणाली. आणखी दोन-तीनदा घ्यायचं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून मी छताकडे बघत राहिले.

काही दिवसांनी डॉक्टरांनी बोलावून आकडे दाखवले. "बाई, तुमचं रक्त कमी नाही. उलट असायला हवं त्यापेक्षा जास्त आहे. लाल पेशी पुरेशा आहेत, त्यात पाणी वाढलंय, म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसतं." लोहाची गोळी बंद झाली, लघवीची वाढवली.

रिक्षातूनच मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. छान झालं, नंतर बोलते, म्हणाली. ते ‘नंतर’ तीन दिवसांनी आलं, तेव्हा तिला गोळ्यांची नावं व्हॉट्सॲपवर हवी होती.

खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. आमची इमारत उभी आहे ते शेत त्यांचंच होतं. त्यांना सगळं सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "येकटी कशाला गेलीस, बाय? मना सांगितला न्हाय ता?" सांगायला हवं होतं, हे मनातच आलं नव्हतं.

महिनाभरात पाच किलो पाणी उतरलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून वर्षभर मी खुर्चीतच झोपत होते. एका दुपारी भीत भीत पलंगावर पाठ टेकली. दम लागला नाही. सवयीने मी भिंतीकडे सरकून माझ्या अर्ध्या भागात झोपले होते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. मग उठले आणि त्यांच्या बाजूची चादर सरळ केली. ती विस्कटलेली नव्हतीच.