नारळाचं भांडण आणि दोन शाली

आमच्या गडमुडशिंगीचा धम्मपाल कोल्हापुरातल्या एका संस्थेत लोकांची भांडणं मिटवायची नोकरी करतो. बांध असो, पाणी असो, सासू-सून असो. दोघांना समोरासमोर बसवतो आणि मिटल्याशिवाय उठू देत नाही. माणसं शेवटी कंटाळून मिटवतात.

यंदा त्यानं परदेशातल्या एका विद्यापीठात शांतता आणि विकास शिकायच्या फेलोशिपला अर्ज केला. वर्षभराचा सगळा खर्च त्यांचा. ऑनलाइन मुलाखतीत तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला मिटवता न आलेलं एखादं भांडण सांगा."

दुसऱ्यानं थाप मारली असती. या शहाण्यानं घरचंच सांगितलं. बांधावरच्या नारळाच्या झाडावरून थोरला भाऊ प्रसेनजीत नऊ वर्षं त्याच्याशी बोलत नाही. नारळ दोघंही उतरवत नाहीत. पडले तर दोघंही उचलत नाहीत.

निवड झाली. त्या उत्तरामुळंच झाली, असं पत्रात लिहिलं होतं, आणि ते गावभर झालं.

गावानं समाजमंदिरात सत्कार ठेवला. गावातला वडीलधारा म्हणून मी शाल घालणार, तेवढ्यात मागून प्रसेनजीत उठला. "भांडण दोघांचं हाय की! मग शाल एकट्याला कशी?"

मी दुसरी शाल मागवली. नऊ वर्षांनी दोघं भाऊ शेजारी बसले. वेळ बरी बघून मी म्हटलं, "आता मिटवूनच टाका की."

"गप बसा, आबा," प्रसेनजीत माझ्यावरच खेकसला. "आत्ताच मिटलं तर ह्यो तिकडं वर्षभर काय शिकणार?"