सासूबाई, भूत आणि पॅसेजमधला दिवा

माझी बायको पुस्तकं वाचून दाखवते, तेही काचेच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन. ऑडिओबुकचं काम. हातातलं कडं काढून ठेवायचं, पोटात कावळे ओरडले तर ते आधी माइकला ऐकू जातात म्हणून खाऊनच बसायचं, आणि एकेक वाक्य घासत राहायचं. घरी आल्यावर ती फारशी बोलत नाही. माझं काय बिघडतंय? मला शांतता मिळते.

यंदा तिच्या वाट्याला झपाटलेल्या घराची कादंबरी आली. मेलेली मालकीण घर सोडत नाही, नव्या भाडेकरूंच्या हात धुऊन मागे लागते, असली गोष्ट. मला विचाराल तर शुद्ध थापा. पण त्या मालकिणीचा आवाज बायकोला काही केल्या सापडेना. खर्जात काढला, घोगरा काढला, कुजबुजून पाहिलं. रेकॉर्डिस्ट जांभया देत होता. मग एका दुपारी कंटाळून ती साध्या, जराशा वैतागलेल्या आवाजात बोलली आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट ताठ बसला. "हाच! अंगावर काटा आला, ताई."

काटा हिच्याही अंगावर आला होता. घरी येऊन म्हणाली, "अहो, तो आईचा आवाज होता. म्हणजे... असावा."

असावा म्हणजे काय? पण तिची आई आमच्या लग्नाआधीच गेली, आणि तिचा आवाज कुणी कधी टेप केलेला नाही. मी काय सांगणार कपाळ! हिने बहिणीला फोनवर ऐकवला. ती म्हणाली, हुबेहूब. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन: नाही गं, आईचा बारीक होता. बायको रडवेली झाली. "मी विसरले तर नाही ना आईला? माझ्या मनानेच कुणीतरी बनवली असेल तर?" भुताखेतांना मी भीत नाही, पण असल्या प्रश्नांचा मला रागच येतो.

शेवटी रविवारी सकाळी सासऱ्यांकडे गेलो. संसार त्यांनी केला होता, निकाल तेच देणार. पॅसेजमधला दिवा नेहमीसारखा उगाचच चालू होता. बायकोने फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "छे! तुझी आई अशी नव्हती बोलत. ती फार गोड बोलायची."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. मी सासऱ्यांवर मनातल्या मनात चडफडलो. अहो, खोटं तरी बोलायचं! फोन बंद करायला कुणाचा हात पुढे होईना, त्यामुळे गोष्ट चालूच राहिली. सासरे पेपरात डोकं घालून बसले. कादंबरीतले भाडेकरू जिन्याखाली लपले. वरून मेलेली मालकीण करवादली, "दिवसाढवळ्या दिवा कुणी चालू ठेवलाय?"

सासरे पेपर टाकून उठले. "करतो बंद, करतो," असं पुटपुटत पॅसेजमध्ये गेले, दिवा बंद केला, आणि बटणावरचा हात तसाच ठेवून आमच्याकडे बघत राहिले.

"मी कशाला उठलो गं?"

बायकोने फोन उचलला आणि ते वाक्य पुन्हा लावलं. दिवा बंदच होता, तरी सासऱ्यांनी बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.