माझ्या जामीनदारांची फेरी

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल करते. औषधांच्या पाकिटावर 'दोन वेळा, जेवणानंतर' यापलीकडे मी आजवर फारसे काही लिहिलेले नाही, आणि तेही वाचता येत नाही अशी लोकांची तक्रार आहे. तेव्हा या धिटाईबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु माझ्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहिलेल्या गृहस्थांविषयी दुसरे कोणी काही लिहील असे दिसत नाही, म्हणून हे धाडस. मराठवाड्यात जामीन राहिलेली माणसे पुष्कळ असतील; जामीन राहिल्याचा आनंद झालेला माणूस मात्र एकच, असे माझे ठाम मत आहे.

काका आमचे मुखेडचे शेजारी, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. माझे वडील कापडाच्या दुकानात कापड मोजून देतात. मला लातूरच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बँकेने वडिलांखेरीज आणखी एक जामीनदार मागितला. तो आठवडा आमच्या समस्त नातेवाइकांच्या प्रकृतीला फार वाईट गेला. एका मामांचा तर नेमका सहीचाच हात धरला. काका मात्र न बोलावता, इस्त्रीचा सदरा घालून आणि स्वतःचा पेन घेऊन बँकेत हजर झाले. "तीस वर्षं रोज सही केली, पण पैशाखाली," ते मॅनेजरांना म्हणाले, "माणसाखाली पहिल्यांदाच करून राहिलो." बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. "हे बघ माय, तू मधीच उतरलीस तर नाव माझं जाईल. पैशाचं न्हाई म्हणत मी."

त्यानंतर दर महिन्याला, ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटात, काका लातूरला तपासणीसाठी येऊ लागले. बँकेने माझी एवढी चौकशी कधी केली नाही. गुणपत्रिका ते आधी उजेडाला धरत, मग तिचा कोपरा अंगठ्याने चोळून पाहत, आणि खात्री पटल्यावरच गुण वाचत. मी किती पोळ्या खाते, हे मेसच्या मावशींना विचारत. अर्धपोटी माणसावर सही टिकत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. कोणत्याही खोलीत गेले तरी ते खुर्चीवर बसत नसत. दाराजवळ, पाय किंचित फाकवून, जणू खोलीच आता वळण घेणार आहे असे उभे राहत. एकदा त्यांनी विचारले, "सध्या काय शिकून राहिलीस?" मी म्हणाले, "औषध पोटात गेल्यावर शरीरात कुठे कुठे जाते, ते." काकांचा चेहरा उजळला. "म्हंजे रूटच की! अन् शेवटचा स्टॉप कोणता?" मी लाजून विषय बदलला.

कर्जात कॉलेजची फी बसत होती. विद्यार्थ्याला पोट असते, ही गोष्ट बहुधा योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. त्यासाठी मी एका खासगी क्लासमध्ये अर्धवेळ काम धरले. दुपारी दोन ते सहा, गैरहजर मुलांच्या घरी फोन करायचा आणि छापील मजकूर वाचून दाखवायचा: 'आपला पाल्य आज आलेला नाही. असेच चालू राहिल्यास त्याचे भवितव्य धोक्यात आहे.' नेमक्या त्याच वेळी माझे प्रात्यक्षिकाचे तास असत. माझ्या भवितव्याविषयी मात्र कोणी फोन करीत नसे. माझ्यासारख्या इतर मुली मैत्रिणींना सांगून हजेरी लावून घेत. मला कोणाला तसे सांगण्याचा धीर झाला नाही. परिणामी तिसऱ्या वर्षी माझी उपस्थिती कमी भरली, परीक्षेचा अर्ज अडवला गेला आणि पालकांना बोलावणे आले. लगनसराईत वडिलांना रजा मिळेना. काका आले.

"दुसऱ्याच्या लेकरांची चुगली करती, अन् तुझ्या बापाला कोण फोन करून राहिलं?" एवढेच ते म्हणाले. सही बुडाली असे त्यांना वाटत असावे; मलाही तसेच वाटत होते.

विभागप्रमुखांनी खुर्ची पुढे केली. काका दाराशीच उभे. सर म्हणाले, "आमचा नियम कडक आहे. आमचे वर्ग रोज भरलेले असतात. ही एकटीच गैरहजर."

"आत्ता तास चालू हाय का, सर? जरा बघू का?"

सरांना नाही म्हणता येईना. समोरच्याच वर्गात काका शिरले आणि बाकांमधल्या वाटेने, दोन्ही बाजूंना बोटाने हवेत टिपत, शेवटपर्यंत जाऊन परत आले. शिकवणाऱ्या मॅडम खडू घेऊन बाजूला सरकल्या. काकांनी टेबलावरच्या हजेरीपुस्तकात डोकावून पाहिले.

"सर, कागदावर साठ, गाडीत अकरा. बाकीचे एकोणपन्नास कुठं उतरले?"

"ती मुले... कामाला जातात हो. गरीब असतात."

"मग आमच्या पोरीनं खरं खरं गैरहजर राहायला नको होतं, एवढंच न्हाई का?" काका अतिशय नम्रपणे म्हणाले. "आमच्यात असं चेकिंगला सापडलं, तर प्रवाशाला कोणी बोलत न्हाई. कंडक्टर घरी बसतो."

सरांनी उठून दार लावून घेतले आणि अर्ज सोडतो म्हणत, पुढे नियमित येण्याचे एक हमीपत्र भरून मागितले. काकांनी खिशातून स्वतःचा पेन काढला. बाहेर येताच मात्र त्यांनी मला फैलावर घेतले: "त्यांचं पुस्तक खोटं हाय म्हणून तुझी दांडी खरी होत न्हाई!" त्याच दिवशी क्लासच्या मालकांसमोर उभे राहून त्यांनी माझी पाळी संध्याकाळची करून घेतली. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत माझा एकही तास चुकला नाही.

पुढे मी नांदेडला एका दवाखान्यात औषधनिर्माती म्हणून लागले. काका तिथेही येत. कर्ज फिटायचे आहे तोवर फेरी चालू, असे म्हणत. यंदा शेवटचा हप्ता भरून, बँकेचे पत्र घेऊन मी मोठ्या अभिमानाने मुखेडला गेले. काकांनी ते तीनदा वाचले.

"म्हंजे मी सुटलो?"

"हो काका. तुमच्यावर आता कसलीही जबाबदारी नाही."

हे वाक्य मी का उच्चारले, याचा मी अजून विचार करते आहे. तेव्हापासून काका नांदेडला आलेले नाहीत. फोन केला तर विचारतात, "कशा आहात तुम्ही? जेवण वगैरे ठीक ना?" इतकी वर्षे मी 'तू' होते. 'या' म्हटले, तर म्हणाले, "आता कोणत्या नात्यानं येऊ, बाई? कागद झाला की."

सही मागण्याचे नमुने बँकेत पुष्कळ आहेत. मला हवा तसा एकही नाही. वाचकांपैकी कोणाला अनुभव असल्यास मला कृपया सांगावे: कर्ज फिटल्यानंतर जामीनदाराला घरी बोलवायचे असेल, तर काय म्हणून बोलवावे?