क्लू म्हणजे सुताचा गुंडा

"शी हॅज नो क्लू."

मॅडम माईकवर बोलल्या आणि अख्खा हॉल हसला. मी स्टेजवर खाली बसलेली, चरख्यापाशी. मॅडम खुर्चीत. माझ्या अंगावर नऊवारी, तीही त्यांनीच नेसायला लावलेली. मी तर बाई किती वर्षं झाली पाचवारीच नेसते. पण फोटोत चांगलं दिसतं म्हणे.

झालं असं. नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलात हातमागाच्या साड्यांचा दोन दिवसांचा कार्यक्रम या मॅडमनी ठेवला होता. महाल भागातल्या आमच्या गल्लीतून मला नेलं. म्हातारी कोष्टीण कांड्या कशा भरते ते लोकांना दाखवायला. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावतो त्या धोट्यात बसते ती सुताची नळी. मी आपली भरत होते. मॅडमनी एक जुनी साडी वर धरली. म्हणाल्या, ही पुरुष कारागिरांची कला. बायका फक्त मदतीला असायच्या.

साडी पाहिली अन् माझा हात थांबला. काठाच्या अगदी कडेला तीन लाल धागे. आमच्याकडे सगळे दोनच घालत. तिसरा मी घालायची. आमच्या ह्यांना दम्यानं मागावर बसवेना, तेव्हा मी बसले. बावीस वर्षं बसले. लुगड्यावर शिक्का व्यापाऱ्याचा. माझं नाव कुठं लावू? म्हणून तो तिसरा धागा.

मी म्हटलं, "मॅडम, हे लुगडं मी विणलं हाय."

मॅडम हसल्या. "आजी किती गोड आहेत ना!" मग इंग्रजीत ते वाक्य.

इंग्रजी मला अगदीच येत नाही असं नाही. सुताच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून अक्षरं शिकले मी. शी कळलं, हॅज कळलं, नो कळलं. क्लू नाही कळलं. हसणं कळलं.

तिसऱ्या रांगेत माझी नात उभी होती. कॉलेजातून कार्यक्रमाच्या मदतीला आलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. तीही हसली. बाकीच्यांचं सोडा हो. ती हसली.

घरी आल्यावर विचारलं, "क्लू म्हणजे काय वं?"

"काही नाही आजी. जाऊ दे न."

"काहून जाऊ देऊ? तू तर हसून राहिली होती."

ती उठून आत गेली. दार लावून घेतलं.

मग मी फोनलाच विचारलं. बोललं की सांगतो तो. क्लू म्हणजे सुगावा, धागादोरा, म्हणाला. धागादोरा? म्हटलं, नीट सांग, हा शब्द आला कुठून? तर पूर्वी इंग्रजांकडे त्याचा अर्थ होता सुताचा गुंडा. बस, तेवढाच. मग त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. एका राजाच्या भुलभुलैयात राक्षस होता. त्याला मारायला एक तरणा पोरगा निघाला. राजाच्या पोरीनं त्याच्या हाती सुताचा गुंडा दिला. टोक दाराशी बांध, उलगडत जा, तोच धागा धरून परत ये. आला तो परत. तेव्हापासून वाट दाखवणाऱ्या खुणेला हाच शब्द.

"अन् त्या पोरीचं काय झालं?" मी विचारलं.

त्याच्यासोबत निघाली, वाटेत एका बेटावर झोपली होती. तिला तिथंच सोडून तो निघून गेला.

हॉलमध्ये नव्हते रडले. तेव्हा रडले. जन्मभर जे हातात धरलं त्याचंच नाव घेऊन मॅडम मला म्हणाल्या, तुझ्याकडं ते नाही.

दुसऱ्या दिवशी माझी पाचवारी नेसून गेले. पेटीत जपलेला तुकडा घेतला, माझ्या मागावर शेवटी उरलेला, वीतभर. मॅडमसमोर धरला. "काठ पाहा."

त्यांनी पाहिला. बोटानं धागे मोजले. मग साडीचा काठ मोजला. तोंडावरचं हसू गेलं. पटलं होतं त्यांना. तेच जास्त लागलं मला.

"आजी, साड्यांच्या माहितीचे बोर्ड तर छापून झाले आता. बसा न, लोक आलेत."

"पेनानं लिहा माझं नाव. मगच बसीन."

"असं नाही होत, आजी."

"मग बसणंही नाही होत."

मी निघाले. चरखा तसाच. दाराशी नात उभी होती, ट्रे घेऊन. मी तिच्या अंगावरून गेले. तिनं मान खाली घातली. माझ्यासोबत आली नाही.

अजून त्यावर बोलत नाही ती. मीही विचारत नाही. दुपारी वही घेऊन बसते, जेवढी आठवतात तेवढी लुगडी लिहून काढते. रंग, काठ, कोणत्या साली मागावरून उतरलं. खाली माझं नाव, पूर्ण. धाग्याचं टोक तिला पाहिजे असेल तर तिनं यावं, शेजारी बसावं, विचारावं. नाही आली तरी वही थांबणार नाही.

आणि जिथं माझं तोंड चालू देत नाहीत तिथं माझे हात चालणार नाहीत. ती राजाची पोर झोपली होती म्हणून तो सोडून जाऊ शकला. मी जागी आहे.