एल्यासभाऊंचं विरजण

आमच्या गावात बडबड्या माणसाला कुणी किंमत देत नाही. तरी एल्यासभाऊंइतका घुम्या माणूस आम्हीसुद्धा दुसरा पाहिला नाही. जाळी विणणाऱ्या किउरूंचे हे धाकटे, तळ्याकाठी आमच्या शेजारचेच. मास्तरांनी हट्ट धरून त्यांना वीपुरीच्या शाळेत धाडलं, तिथून ते हेलसिंकीला गेले. पुढं देशाचे राजदूत होऊन परमुलखांतल्या राजधान्यांत बसले, निवडणूक लढवली, मंत्री झाले. भाषणाला उभे राहिले की दोन वाक्यं बोलून खाली बसायचे आणि लोक त्यांनाच मतं द्यायचे. पलीकडच्या घरातला विल्पू म्हणायचा, "गप्प बसण्याचा पगार घेणारा गावात हा एकटाच. आपण फुकट गप्प बसतो."

रशियाची सीमा आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. एकोणचाळीसच्या शरदात लढाईची आवई उठली तेव्हा आम्ही गाव सोडलं होतं. काही होईना, म्हणून बर्फ पडायच्या सुमारास परत आलो. त्याच दिवसांत एल्यासभाऊ आले आणि आमच्या चुलीपाशी बसले. माझ्या सासूबाई कधी कुणाला भ्यायच्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "एल्या, राहू का जाऊ? एवढंच सांग."

भाऊ कॉफीच्या कपात बघत बसले. सरकारात बसलेला माणूस, रशियाशी चाललेल्या वाटाघाटीतलं अक्षर बाहेर काढायचं नाही अशी शपथ घेतलेला. ताकास तूर लागू देईनात. मला असा संताप आला म्हणता, शेजारच्या काकूला एक शब्द सांगितला असता तर काय जीभ झडली असती?

निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "काकू, आईच्या काठवटीतलं थोडं विरजण द्याल?"

राईच्या भाकरीचं पीठ आम्ही लाकडी काठवटीत आंबवतो. ती कधी धुवायची नाही, कुणाला द्यायची नाही. तळाशी चिकटलेल्या पिठावरच पुढची भाकरी फुगते. भाऊंच्या आईनं मरताना आपली काठवट सासूबाईंच्या हवाली केली होती, कारण त्यांच्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. भाऊ तर बिनलग्नाचे, साधी पेज करता यायची नाही. त्यांना विरजण कशाला हवं?

सासूबाईंनी तळ खरवडला, पिठात घोळून फडक्यात बांधून दिला. भाऊ वळणाआड गेल्यावर मला म्हणाल्या, "आइली, काठवट गाडीवर चढव."

"अहो, पण ते तर काहीच बोलले नाहीत."

"विरजण कोण नेतं? जिथलं आहे तिथं परत मिळणार नाही असं ज्याला वाटतं तो."

आम्ही निघालो तेव्हा विल्पू कुंपणावर रेलून हसत होता. "काठवटीला हवापालट का?" नोव्हेंबरच्या अखेरीस पलीकडून तोफा सुरू झाल्या. विल्पू कसाबसा निसटला, त्याची म्हातारी आई नाही निसटली.

लढाई संपली ती आमचा मुलूख रशियाला देऊनच. सासूबाई परक्याच्या घरातच वारल्या. त्यांना परक्याच्या मातीत ठेवावं लागलं, ते मला अजून सलतं. पुढं आपल्या फौजेनं मुलूख परत जिंकला आणि आम्ही गावी आलो. नुसती धुराडी उभी होती. मी आणि माझ्या लेकानं नवे ओंडके रचून घर बांधलं. मग तो आघाडीवर गेला. मागं मी आणि त्याची बायको इर्या. पोर गरोदर, जूनअखेरच्या मोठ्या सणाच्या सुमारास बाळंत व्हायची होती. रशिया पुन्हा चालून येणार अशी कुजबुज होती. तिला हलवायचं तर आताच, गाडीचे हादरे सोसतात तोवर. नाहीतर इथंच. एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात दिवसरात्र.

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात, बटाटे लावायच्या वेळी, एल्यासभाऊ पुन्हा आले. केस पांढरे, खांदे पडलेले. सगळा गाव आमच्या घरात लोटला. भाऊ विरजण मागतात का ते बघायला आलोय, असं कुणी म्हटलं नाही, पण प्रत्येकाची नजर कोपऱ्यातल्या काठवटीवर. भाऊंनी भाकरी खाल्ली, बटाट्यांची चौकशी केली, इर्याला तब्येत विचारली. मग उठले, टोपी घातली आणि दाराबाहेर पडले. विरजण मागितलं नाही.

घरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. विल्पू म्हणाला, "बघितलंस आइली? या खेपेला मागितलं नाही. आता तुझ्या नातवाचा पाळणा टांगायला आढ्याला आकडा ठोकतो."

कित्येक दिवसांनी इर्या हसली. "भक्कम ठोका हं काका. बाप दांडगा आहे, पोरही तसंच निघायचं."

मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? भाऊंना पोचवायला मी रस्त्यापर्यंत गेले. बर्चच्या झाडांना कोवळी पानं फुटली होती. आणि चालता चालता मनात पाल चुकचुकली. हा माणूस पुन्हा मागेलच कशाला? त्याच्याकडे आहेच की.

"भाऊ," मी म्हटलं, "तेव्हा नेलेलं विरजण टाकून दिलंत ना? आता गाव परत मिळालंय."

ते थांबले.

"नाही टाकलं."

"अजून जिवंत आहे?"

"दर रविवारी रेशनच्या पिठातलं थोडं घालतो."

"आणि गाव मिळाल्यावरही घालत होतात?"

"एक रविवार चुकवला नाही, आइली."

मी त्यांना निरोपाचं काही बोलले का, मला आठवत नाही. घरी आले तर विल्पू स्टुलावर चढून आकडा ठोकत होता आणि इर्या खाली उभी राहून त्याला जागा दाखवत होती. मी तशीच कोपऱ्यात गेले आणि काठवट उचलली.

"विल्पू, हातोडा ठेव," मी म्हटलं. "घोडा जोड."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या काठवटीकडे. या वेळी तो हसला नाही. इर्या मात्र त्या अर्धवट ठोकलेल्या आकड्याकडेच बघत राहिली.