झऱ्यावर अम्मी जे बोलली

गुडघ्यांचं निमित्त झालं. नाहीतर अम्मीला घेऊन मी डोंगरात कशाला गेले असते? शारजाच्या अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर ती आली तेव्हा लिफ्टपासून दारापर्यंतसुद्धा भिंतीला हात लावत चालत होती. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, शेजारणीने दिलेला लेप झाला, फरक शून्य. मग ऑफिसातली एक म्हणाली, रास अल खैमाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, राहायला जुनं रेस्ट हाउस आहे, आणि बायकांचा हौद वेगळा, उंच भिंतीआड. अम्मीला हे ताबडतोब पटलं. कोकणात आमच्याकडेही असे झरे आहेत, सांधे धरलेल्या बायका तिथे न्हायला जातात. "गोळीपेक्षा ते बरं," ती म्हणाली.

माझ्या मनात मात्र गुडघ्यांपेक्षा मोठं काहीतरी होतं. अब्बा गेल्यापासून अम्मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या घरात एकटी राहते. भाऊ कतारला, मी शारजात. तिला आता कायमचं इथे ठेवून घ्यायचं असं मी ठरवूनच टाकलं होतं. मुलीच्या खोलीत पलंग आणून ठेवला होता. मुलगी कुरकुरली, "मॉम, व्हेअर विल आय स्टडी?" तिला मी एका नजरेत गप्प केलं. व्हिसाचं नवरा बघत होता. राहिलं होतं ते फक्त अम्मीला सांगायचं. दोघीच असू तेव्हा निवांत सांगू, म्हणून मी सुट्टी टाकली आणि गाडी काढली.

हायवे सोडल्यावर रस्ता ओसाड होत गेला. दोन्ही बाजूंना उघडे, करपलेले डोंगर, मध्येच खजुराची बाग, एखादी मशीद, आणि मग काहीच नाही. रेस्ट हाउस म्हणजे एक बैठी इमारत, खडखडणारा एसी, दोन पलंग आणि नमाजची दिशा दाखवायला छताला चिकटवलेला किब्ल्याचा बाण. पाहुणे जवळपास नव्हतेच. अम्मीने खिडकी उघडून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "इथे तर माझ्या घरापेक्षा शांत आहे." मला वाटलं, चला, आपणहून विषय निघाला. पण तेवढ्यात तिने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि बाथरूममध्ये गेली.

ती बाहेर आली ती नखशिखांत तेलात. केस चपचपीत, हातपाय चमकताहेत, वरून मॅक्सी. गरम पाण्यात उतरायचं म्हणजे आधी तेल जिरवायचं, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही. मीच तिच्या पाठीला लावून दिलं.

हौदाच्या दारावर एक फिलिपिनो बाई होती. तिने अम्मीकडे बघितलं आणि दोन्ही हात आडवे केले. नो ऑइल, मॅडम, नो ऑइल. एका माणसाचं तेल सगळ्या हौदावर तरंगतं, मग हौद रिकामा करावा लागतो, असं तिने मला समजावलं. मी वाद घातला. माझा स्वभावच तसा, चूक आपली असली तरी आधी आवाज चढतो. अम्मी मध्ये पडली, मला गप्प केलं आणि मुकाट्याने शॉवरखाली जाऊन उभी राहिली. साबणाने घासून घासून तेल काढत बसली बिचारी.

आत पाण्यात एकच बाई होती. इथलीच, अरब, अम्मीपेक्षा थोडी मोठी, बोटांची टोकं मेंदीने काळीभोर झालेली. ती हे सगळं बघत हसत होती. "मेरा माँ भी तेल लगाता था," ती हिंदीत म्हणाली. "मुंबई से आता था तेल, लाँच में." इथल्या जुन्या माणसांना हिंदी येते हे मला माहीत होतं, पण अम्मीला नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती गुडघे विसरून भराभर पायऱ्या उतरली. मीही उतरले. पाणी चांगलंच कढत होतं. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, सुकी मासळी, बाळंतपणं, गुडघे. मला वर्षानुवर्षं फोनवर "बरी आहे, तू कशी आहेस" एवढंच ऐकवणारी माझी आई परक्या बाईपुढे घडाघडा बोलत होती. मला बरंही वाटलं आणि थोडा रागही आला.

मग नवऱ्याचा फोन यायची वेळ झाली. हौदावर फोन चालत नाही, म्हणून मी टॉवेल गुंडाळून बाहेर गेले. परत आले तेव्हा अम्मीची पाठ माझ्याकडे होती. मी वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिचं वाक्य कानावर आलं.

"लड़की मेरे को इधरच रखने का सोचती है. पलंग भी लाया है. अब उसको कैसा बोलूँ, मेरा निकाह ठरा है."

मी तिथेच उभी राहिले. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेय. पण मेराच म्हणाली ना? मेरा, म्हणजे माझा. पायरी निसरडी होती, मी मटकन खाली बसले.

ती अरब बाई मात्र अगदी सहज म्हणाली, "माशाल्ला. मबरूक. आदमी अच्छा है?"

"अच्छा है. जहाज पे भंडारी था. खाना खुद पकाता है."

जहाजावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. आमच्या मोहल्ल्यात तसा एकच माणूस. त्याची बायको वारल्यापासून खाडीपलीकडून मासळी आणून आमच्या पडवीत ठेवणारा, अम्मीचा पंप बिघडला की दुरुस्त करणारा, ज्याला मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून चाचा म्हणते तो. या अल्ला, माझे चाचा. तोंडात बोटं घालायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही मला.

"मेरा माँ तीन शादी किया," ती बाई सांगत होती. "मेरा बाप दूसरा था. औरत अकेला क्यूँ रहेगा?" मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बेटी है? आओ, पानी में आओ."

अम्मी वळली. माझा चेहरा बघून तिला कळलं. मी वाट बघत होते की ती म्हणेल, अगं गंमत करत होते. ती पाण्यातून पायऱ्यांकडे यायला लागली. मी उठले आणि तशीच ओलेती खोलीवर गेले.

ती मागोमाग आली. मी तिला बसूही दिलं नाही. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. या वयात? नातवंडं झाल्यावर? अब्बांचं काय? मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि थांबता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "लोक काय म्हणतील, याचा तरी विचार केलास?"

ती पलंगावर बसून टॉवेलने केस पुसत होती. माझ्यावर ती कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडली नाही.

"कुठले लोक, बाय?" तिने विचारलं. "तू इथे, भाऊ तिकडे. घरात आहे कोण, लोकांनी येऊन सांगायला? रोज रात्री दाराला कडी घालते आणि मोठ्याने म्हणते, घातली गं कडी. कुणाला सांगते मी?"

मी म्हणाले, म्हणून तर तुला इथे आणते ना. ती म्हणाली, "तिथे एकटी आहे, इथे चौदाव्या मजल्यावर एकटी असेन. तुम्ही सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. पोरं माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलतात."

"मग एवढे दिवस मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आले होते. गुडघे दुखतात ते खरं आहे, पण तेवढ्यासाठी विमानात बसले नसते." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. मग पुढचं जे बोलली त्याने मी जास्त हादरले. "तू नको म्हणालीस तर नाही करणार. तुझ्या घरी राहीन. तुझा भाऊ तू म्हणशील तेच म्हणेल, आणि तुझ्याशी भांडून मला नवीन घर नको. त्यांनाही मी हेच सांगून आलेय. तेव्हा नीट विचार करून सांग."

एवढं बोलून तिने नमाजची चटई मागितली. गुडघ्यांमुळे ती खुर्चीवर बसून नमाज पढते. मी चटई अंथरून तिच्यावर खुर्ची सरकवून दिली. मी एक "नाही" म्हटलं की खलास, तिचं उरलेलं आयुष्य माझ्या मुलीच्या खोलीतल्या त्या पलंगावर जाणार, आणि ती कधी त्याचा उच्चारसुद्धा करणार नाही. आईवर आपली एवढी सत्ता असू शकते, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याची भीती वाटली. राग होताच. तो काही जागचा हलला नव्हता.

संध्याकाळी जेवताना मी तिच्या ताटात मासा वाढला, तिने माझ्या ताटात लिंबू पिळलं.

सकाळी ती एकटीच हौदाकडे निघाली. मला बोलावलं नाही. मी जरा वेळ छताकडे बघत पडले आणि मग तिच्या मागे गेले. ती आधीच पाण्यात होती, गळ्यापर्यंत, आणि ती अरब बाईही आलेली. हवेत गारवा होता म्हणून पाण्यावर वाफ दिसत होती. मी उतरले आणि अम्मीच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसले.

त्या बाईने आधी अम्मीकडे, मग माझ्याकडे बघितलं. तिला आडपडदा माहीतच नव्हता. सरळ मला विचारलं, "तुम हाँ बोला?"

अम्मीने मान खाली घातली. पाण्याखाली ती स्वतःचा गुडघा चोळत होती, चोळतच राहिली. माझ्या आईला मी कधी कुणाच्या उत्तराला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. अब्बांच्या शेवटच्या आजारातही डॉक्टरच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहणारी बाई ती.

"हाँ बोला," मी म्हणाले.

अम्मीचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, "कधी बोललीस?"

"आत्ता," मी म्हणाले.